पंचविसाव्या मिनिटाला बंद पडणारं इंजिन

गामदो बेटावर इंजिन दुरुस्त करणारा माणूस एकच, प्यो ग्वांगशिक. एकच असल्यामुळे तो चांगला की बरा, हे ठरवायची कुणाला कधी सवडच मिळाली नाही. धक्क्याच्या टोकाला त्याचं पत्र्याचं दुकान. तिथे त्याने सत्तावीस वर्षं काढली होती. बेटावरच्या एकोणीस बोटींपैकी अठरा त्याच्या हाताखालून गेलेल्या. एकोणिसावी निवृत्त मास्तरांची, आणि तिला इंजिनच नव्हतं.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. बोट दुरुस्तीला आली की दुकानाच्या दारावर आतल्या बाजूने खडूने यादी लिहायची. पेट्रोल, पेट्रोलमध्ये पाणी, फिल्टर, नळी, पेट्रोल पुढे ढकलायला हाताने दाबायचा रबरी फुगा, टाकीचं हवेचं भोक, प्लग, कार्बोरेटर. मग वरून खाली एकेक तपासायचं आणि खोडायचं. एकदा खोडलं ते खोडलं, त्याकडे परत वळून बघायचं नाही. ज्याला स्वतःच्याच कामावर भरवसा नाही तोच दोनदा बघतो, असं तो म्हणायचा, आणि हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की त्याची बायको गुमरे भात वाढता वाढता त्याच्या आधीच वाक्य पुरं करायची.

आता त्याच्या कानांचं सांगायला हवं, कारण तो स्वतः ते कुणाला सांगत नसे. जन्मभर उघड्या इंजिनांवर डोकं घालून बसलेल्या माणसाचे कान जातात, तसे त्याचेही गेले होते. पण पूर्ण नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. जाड आवाज त्याला चांगले ऐकू यायचे. इंजिनाची धडधड, लाट आपटली की होणारा धप्प आवाज, पुरुषांची भांडणं. गेले होते ते बारीक आवाज. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या गामदोच्या पाणबुड्या बायका खोलातून वर आल्या की कोंडलेला श्वास ओठांतून सोडतात आणि त्याची लांब शीळ होते. कोणती शीळ कोणाची, हे धक्क्यावरच्या पोरासोरांनाही कळतं. चार वर्षांपूर्वीच्या वसंतात ग्वांगशिकला वाटलं, बायकांनी शीळ घालणं सोडलं की काय. रात्री जेवताना त्याने गुमरेला तसं विचारलं. गुमरे स्वतः त्या पाणबुड्या बायकांतलीच. तिने चमचा खाली ठेवला आणि त्याच्या कानांकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं.

फेरीबोटीने जायच्या वांदो शहरातल्या डॉक्टरने कानात घालायचं यंत्र सुचवलं. ग्वांगशिकने त्याला ऐकवलं, "स्वतःच्या कानात यंत्र घालणाऱ्याकडे आपलं यंत्र दुरुस्तीला कोण देईल?" डॉक्टर हसला. ग्वांगशिक हसला नव्हता. परतीच्या फेरीबोटीत त्याने गुमरेकडून वचन घेतलं की हे घराबाहेर जाणार नाही. तिने वचन दिलं आणि पाळलंही. दुसऱ्या बायका त्याच्याशी हळू बोलल्या तर ती मध्येच पडून तेच मोठ्याने परत बोलायची. त्यामुळे गुमरेला वय झाल्यावर फार बडबडायची सवय लागली, असा तिचा लौकिक झाला.

ग्वांगशिक इंजिन ऐकायचं सोडून हाताने चाचपायला शिकला. तळवा इंजिनावर ठेवायचा, डोळे मिटायचे, थरथर कुठे अडखळते ते बघायचं. त्यात तो खरोखर तरबेज झाला. लोकांना वाटलं, कारागिरी आता हाडात मुरली. लोकांना काय, डोळे मिटलेला माणूस दिसला की तो थोर वाटतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कु देसोक त्याच्याकडे आला. देसोक बेचाळीस वर्षांचा, अबोल, बायको सोडून गेलेला. त्याची बोट सहा पाणबुड्या बायकांना घेऊन रोज काळ्या खडकाकडे जायची. गुमरे त्यांतलीच एक. सगळ्यांत वडील मा जोमसून, चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला सगळे अक्का म्हणत.

"दादा, मध्येच बंद पडतंय," देसोक म्हणाला. "पंचवीसएक मिनिटं झकास चालतं. मग खोकतं आणि बसतं."

एकदम बंद पडतं की खोकत, हे ग्वांगशिकने दोनदा विचारून घेतलं. एकदम पडलं तर वीज, खोकत पडलं तर पेट्रोल. देसोक म्हणाला, खोकत, घोट मिळत नसल्यासारखं. दाबायचा फुगा चपटा होऊन बसतो. दहा मिनिटं थांबलं, झाकणबिकण उघडून पाहिलं की परत सुरू.

ग्वांगशिकने यादी लिहिली. तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. पाण्याचा थेंब तळाशी बसलेला दिसला नाही. खोडलं. फिल्टर धुतला. खोडलं. या बोटीची टाकी मागच्या फळीखाली कायमची बसवलेली, आणि तिचं हवेचं भोक बोटीच्या बाहेरच्या अंगाला, काठाखाली बांधलेल्या जुन्या टायरच्या आड. पेट्रोल जसं उपसलं जातं तशी त्या भोकातून टाकीत हवा यावी लागते, नाहीतर इंजिनाला घोट ओढताच येत नाही. त्याने ओणवं होऊन भोकाला तोंड लावलं आणि फुंकलं. हवा सरळ आत गेली. खोडलं. मग धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन त्याने तासभर चालवलं. एकदाही अडखळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वाटेत बंद पडलं.

मग तो बोटीवर बरोबर जाऊ लागला. पहिल्या खेपेला पंचविसाव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि बसलं. त्याने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, फिल्टर काढून नवा घातला, फुगा दाबून कडक केला. पहिल्या झटक्यात सुरू. फिल्टरच होता, असं त्याने सांगितलं. आठवड्याने पुन्हा तेच. पुन्हा झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, नळी बदलली. पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. नळी आतून सुटली होती, असं त्याने सांगितलं. बायकांनी माना हलवल्या. इंजिनातलं त्यांना काय कळणार, आणि त्याला शिकवणार कोण?

तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मात्र देसोक धक्क्यावर चाचरत म्हणाला की वांदोला मोठ्या दुकानात नेऊन दाखवू का. एक बोट वांदोला गेली की बाकीच्या सतराही हळूहळू जाणार, हे ग्वांगशिकला कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे, ज्या बोटीतून गुमरे रोज समुद्रावर जाते त्या बोटीचं दुखणं त्याला सापडत नव्हतं. त्याने देसोककडे एक आठवडा मागितला. देसोकने दिला, कारण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्या आठवड्यात उधाण होतं. काळ्या खडकाच्या अंगाला पाणी अकरानंतर पूर्वेकडे असं धावतं की पोहणाऱ्याचं काही चालत नाही, म्हणून बायकांना त्याच्या आत उचलून घ्यावं लागतं. पण मोठ्या शिंपल्यांचा मोसम संपत आला होता, खडकाखाली ते अजून मिळत होते, आणि सगळ्याजणी गेल्या. ग्वांगशिक बरोबर होता. मागच्या दोन्ही खेपांना पेट्रोलची बाजू झाली, तेव्हा दोष विजेच्या बाजूलाच असणार, असं त्याने रात्रभर विचार करून ठरवलं होतं. खिशात नवे प्लग होते.

जाताना इंजिन नीट चाललं. बायका पाण्यात उतरल्या. पावणेअकराला देसोक त्यांना गोळा करायला निघाला. गुमरे आणि आणखी दोघी वर आल्या. दोघी खडकाला धरून होत्या, त्यांची काळजी नव्हती. जोमसूनअक्का सगळ्यांत लांब, तिचा नारिंगी तरंगा, म्हणजे शिंपल्यांची जाळी बांधलेला तरंगता गोळा, शंभर हातांवर दिसत होता. देसोकने बोट तिकडे वळवली आणि इंजिन खोकलं.

ग्वांगशिकने टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं. मग पाना घेऊन प्लग काढायला बसला. एक प्लग गंजून बसला होता, निघेना. देसोक इंजिन सुरू करायची दोरी ओढून बघू का म्हणून विचारत होता आणि ग्वांगशिक त्याला थांब म्हणत होता, कारण प्लग सुटे असताना ओढून उपयोग नव्हता. बोट एका अंगाला वाहत होती, नारिंगी तरंगा दुसऱ्या. गुमरे उभी राहून अक्काला हाका मारत होती. प्लग बदलायला पंधरा मिनिटं लागली. देसोकने दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू.

तरंगा सापडला. अक्का तासाभराने दुसऱ्या एका बोटीला सापडली.

चौकशी झाली. गणवेशातले दोघे आले, त्यांनी बोट धुऊन पुसून फोटो काढले, टाकीपासून पंख्यापर्यंत सगळं उघडून पाहिलं. दोष सापडला नाही. दोष सापडला नाही म्हणजे माणसाचा, असा हिशेब लोकांनी केला, आणि माणूस म्हणजे देसोक. अक्काची मुलगी मिहवा वांदोहून आली होती. अंत्यविधीला तिने देसोकला दारातूनच परत पाठवलं. बंद पडणाऱ्या बोटीत माझ्या आईला का घातलंस, एवढंच तिने विचारलं. त्यानंतर देसोक अक्काच्या घरावरून जाणारा रस्ता सोडून चिखलातून धक्क्यावर यायचा. त्याचं जेवण सुटलं, नुसती सोजूची दारू चालू होती. बोट विकायची म्हणून त्याने दोघांना विचारलंही, पण तशी बोट घेणार कोण?

आणि इंजिन मात्र नीट चालायला लागलं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, एकदाही बंद पडलं नाही. म्हातारी माणसं हळू आवाजात म्हणू लागली की समुद्राला एक हवी होती, ती त्याने घेतली, आता त्याचं पोट भरलं. ग्वांगशिकला हे गुमरेने मोठ्याने परत सांगितलं तेव्हा तो इतका चिडला की त्याने किमचीचं ताट सरकवून दिलं. इंजिन आपोआप बिघडतं, पण आपोआप बरं होत नाही. काहीतरी बदललं होतं. प्लगमुळे बरं झालं असेल, असं त्याला सगळे सांगत. त्याने जुने प्लग दुसऱ्या बोटीला लावून पाहिले होते. ते ठणठणीत होते. दारावरची यादी पूर्ण खोडलेली होती आणि तो रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहायचा.

जानेवारीच्या अखेरीस एका स्वच्छ दिवशी बायका पुन्हा काळ्या खडकाकडे निघाल्या. ग्वांगशिक हल्ली न बोलावताच बोटीत चढायचा. देसोक सुकाणूला, पाच बायका आपापल्या जागी. मागची, टाकीजवळची अक्काची जागा रिकामी राहिली की बोट एका अंगाला उचलते, म्हणून त्या दिवशी गुमरे तिथे बसली. खडक दिसायला लागला आणि इंजिन खोकून बसलं.

देसोक पांढराफटक पडला. दोरीकडे न वळता तो सुकाणू धरूनच बसला. ग्वांगशिक उठला आणि टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल पाहायला तो वाकणार, इतक्यात त्याचं लक्ष बायकांकडे गेलं. पाचही जणींनी एकाच वेळी मान वळवून टाकीकडे पाहिलं होतं. कुणी हाक मारल्यावर वळून बघावं तसं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

कुणी काही बोललं नाही. म्हणजे कदाचित बोलल्या असतील. त्याने गुमरेकडे पाहिलं.

"काही नाही हो," गुमरे ओठ नीट हलवत म्हणाली. "झाकण वाजलं. दर वेळी वाजतं तसंच."

"कसं वाजतं?"

"सूं करून. आत काहीतरी ओढून घेतल्यासारखं." तिच्या लक्षात आलं तसा तिचा आवाज खाली गेला, पण ओठ दिसत होते. "तुम्ही उघडलंत की दर वेळी व्हायचं. मला वाटलं, तसंच असतं."

ग्वांगशिक झाकण हातात घेऊन उभा राहिला. मग कशालाही हात न लावता त्याने झाकण परत लावलं, फुगा दोनदा दाबला आणि स्वतः दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू.

त्याने इंजिन बंद केलं. बोटीच्या काठावर पोट टेकून टायरच्या मागे हात घातला. हवेच्या भोकात ओला, गच्च बोळा होता. त्याने तो बोटाने उकरून काढला. नागदवण्याचा पाला होता तो. धुकं धरू नये म्हणून बायका ज्याने पाणचष्म्याची काच पुसतात आणि ज्याचे बोळे कानात घालतात, तोच.

"मीच घातला," गुमरे म्हणाली. "इथे बसलं की त्या भोकातून पेट्रोलचा वास थेट नाकात जातो. मळमळत होतं. अक्का इथे बसायची तेव्हा रोज घालायची. पाण्यात उतरताना तसाच राहायचा, धक्क्याला आलं की काढून फेकून द्यायची. म्हणायची, जाताना भरल्या पोटी ओकारी नको." आणि मग आपण काय बोललो हे कळून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिथे सगळ्यांना सगळं कळलं. धक्क्यावर भोक का मोकळं असायचं, खडकाजवळ इंजिन का बसायचं, झाकण उघडलं की का चालायचं. अक्का गेली आणि इंजिन का बरं झालं, तेही; तिचा शेवटचा बोळा गणवेशवाल्यांनी बोट धुतली तेव्हाच निघून गेला असणार. एक बाई म्हणाली, म्हणजे बिचारीने स्वतःच आपल्या हाताने. तिला वाक्य पुरं करता आलं नाही, कारण ग्वांगशिक ओरडला. बेटावर कुणी त्याला असं ओरडताना पाहिलं नव्हतं.

"तिला कुणी सांगितलं होतं टाकीला श्वास लागतो म्हणून? इंजिन कुणाचं काम? तिचं की माझं?"

मग तो देसोककडे वळला आणि त्याच्यासमोर खाली बसला.

"देसोक, मला बारीक ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. ते झाकण प्रत्येक वेळी ओरडून सांगत होतं. कान असलेल्या कारागिराने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. त्या दिवशी झाकण उघडलं तेव्हाच इंजिन सुटलं होतं. दोरी ओढायची होती फक्त. तू म्हणत होतास ओढू का, आणि मी प्लग काढत बसलो."

देसोक रागावला असता तर ग्वांगशिकला बरं वाटलं असतं. देसोक रडायला लागला, लहान मुलासारखा, उघड्या तोंडाने, आणि त्यात सुटका किती आणि दुःख किती हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरलं नाही.

संध्याकाळपर्यंत बेटाला कळलं. गामदोची माणसं ग्वांगशिकला रागाचा एक शब्दही बोलली नाहीत, फक्त त्याच्याशी सगळे मोठ्याने बोलू लागले. पोरंसुद्धा. दुकानदाराने मीठ देताना इतक्या मोठ्याने भाव सांगितला की रस्त्यावरचं कुत्रं उठलं. काही जण आपुलकीने म्हणाले, होतं असं, वय आहे. ग्वांगशिक ते ऐकून घ्यायचा आणि आतून जळायचा. चार वर्षं आपण लाज वाचवली आणि तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली, हे त्याला झोपेतही सोडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने तो वांदोला गेला. मिहवाची बाजारात सुक्या मासळीची टपरी होती. शेजारी कुणाचा तरी रेडिओ लागला होता, बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं. ग्वांगशिकने टोपी काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोळ्याचं सांगितलं, पण तो आईच्या हातचा होता हे गाळलं. बोटीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि एक ना एक दिवस तिलाही कळणार होतं, पण त्याच्या तोंडून ते निघेना. देसोकचा दोष नाही, त्याला दारातून परत पाठवू नकोस, एवढं त्याने दोनदा सांगितलं. मिहवा मासळीच्या जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत.

तो बोलायचा थांबल्यावर ती खाली बघूनच काहीतरी म्हणाली. मान खाली, त्यामुळे ओठही दिसले नाहीत.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

ती परत म्हणाली. बर्फाच्या यंत्राने ते गिळलं. इतकी वर्षं जे त्याने परक्या माणसासमोर कधी केलं नव्हतं ते केलं. तळवा कानामागे धरून तो टपरीच्या फळीवरून पुढे वाकला.

"पोरी, मोठ्याने सांग. शिवी असली तरी सांग."

मिहवाने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते. ती इतक्या मोठ्याने बोलली की आजूबाजूच्या चार टपऱ्यांवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मी म्हटलं, आई दर रविवारी फोनवर सांगायची, बोट बंद पडते पण ग्वांगशिक बरोबर असतो, म्हणून मला भीती वाटत नाही."

या वेळी त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.